सेकंदांचा हिशेब
मशीनगन आणि तिच्या समोरचा सैनिक

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणारी गाडी टिटवाळा मागें टाकून पुढें निघाली म्हणजे खडवलीचें स्थानक येतें. गांवाजवळून भातसा नदी वाहते. मुंबईच्या घराघरांत नळाला जें पाणी येतें, त्याचा फार मोठा वांटा ह्याच नदीचा. सुटीच्या दिवशीं तिच्या कांठीं जाऊन आलेल्या एखाद्या गृहस्थाला कोणीं सांगितलें कीं, इटलींत सेनिओ नांवाची एक नदी आहे आणि तिचें पात्र एके ठिकाणीं अवघें पंधरा फूट रुंद व चार-पांच फूट खोल आहे, तर तो सहज म्हणेल, "ही कसली नदी? हा तर ओहोळ!" परंतु १९४५ सालच्या जानेवारीपासून एप्रिलपर्यंत ह्याच ओहोळाच्या अलीकडे दोस्त राष्ट्रांचें एक बलाढ्य सैन्य अडून बसलें होतें.

अडविणारी शक्ति पाण्याची नव्हती. पुराचें पाणी शेतांत शिरूं नये म्हणून त्या नदीच्या दोन्ही कांठांना तीस-पस्तीस फूट उंचीचे, उभ्या चढणीचे मातीचे बांध घातलेले आहेत. त्या बांधांच्या पोटांत घुशींनीं पोखरावें तशीं बिळें पाडून जर्मन सैनिक आंत मशीनगना रोखून बसले होते. छातीइतक्या पाण्यांतून पंधरा फूट जावयास, पाठीवर ओझें असलेल्या माणसाला, दहा सेकंद तरी लागतात. तेवढ्या दहा सेकंदांत त्या वेळची एक जर्मन मशीनगन दोनशें गोळ्या झाडूं शके. त्या नदीची खरी रुंदी फुटांत मोजण्याऐवजीं सेकंदांतच मोजावी लागत होती.

त्या कांठावर उभ्या असलेल्या सैन्यांत आपल्या मुलखांतले लोकहि होते. दुसऱ्या महायुद्धांत खडवलीवरून जाणाऱ्या ह्या लोहमार्गावर दोन मोठ्या लष्करी छावण्या होत्या. एक घाटापलीकडे देवळालीची आणि दुसरी कल्याणजवळची. फाळणीनंतर ह्या दुसऱ्या छावणीच्या जागीं सिंधी निर्वासितांची वस्ती झाली आणि १९४९ सालीं तिला उल्हासनगर हें नांव मिळालें. कोंकणांतले आणि देशावरचे तरुण ज्या पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रींत भरती होत, तिच्या पलटणी ह्या युद्धांत आफ्रिकेंत, इटलींत आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढल्या. त्यांपैकीं दोघा सैनिकांना इटलींत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि दोघांनाहि तो शत्रूच्या मशीनगनांवर चालून गेल्याबद्दल मिळाला. त्यांनीं काय केलें, हें नीट समजावयाचें तर तें यंत्र प्रथम समजून घेतलें पाहिजे.

साधी बंदूक कशी चालते, हें आधीं पाहूं. शिपाई काडतूस नळींत सरकवितो, मागून बोल्ट बसवितो, नेम धरतो आणि चाप ओढतो. बोल्ट म्हणजे नळीचें मागचें तोंड घट्ट बंद करणारा पोलादी ठोकळा. गोळी सुटली कीं रिकामी पुंगळी बाहेर काढावयाची आणि पुन्हां तोच क्रम. तरबेज शिपाई अशा रीतीनें मिनिटाला पंधरा गोळ्या नेम धरून मारूं शकतो. गोळी पुढें जातांना बंदूक मागें उसळते आणि खांद्याला धक्का बसतो. हा धक्का पूर्वीं फुकट जात असे. हायरम मॅक्सिम ह्या अमेरिकन संशोधकानें लंडनमध्यें १८८४ सालच्या सुमारास तो कामाला जुंपला. धक्क्यानें बोल्ट मागें जातो. जातां जातां रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेंकतो आणि मागची स्प्रिंग दाबतो. दाबलेली स्प्रिंग त्याला पुन्हां पुढें लोटते, आणि पुढें येतांना तो नवें काडतूस नळींत घालतो. चाप दाबून धरलेला आहे तोंवर हा फेरा चालूच राहतो. शिलाईच्या यंत्रांत पायानें पट्टी हलविली कीं सुई खालींवर होते, दोरा ओढला जातो आणि कापडहि पुढें सरकतें. एकाच शक्तीकडून तीन कामें करून घेण्याची ही तीच युक्ति आहे.

ह्या युक्तीबरोबर एक अडचणहि आली, ती उष्णतेची. प्रत्येक गोळीमागें दारूची आग नळीला चाटून जाते. मिनिटाला कित्येक शें गोळ्या झाडल्या तर नळी तापून निकामी होते. मॅक्सिमनें नळीभोवतीं पाण्यानें भरलेलें पिंप बसविलें. त्यामुळें बंदूक तासन्‌तास चालूं लागली, पण इतकी जड झाली कीं तिची तिवई, पाणी आणि काडतुसांच्या पेट्या वाहावयास पांच-सहा माणसें लागूं लागलीं. पहिल्या महायुद्धांत ह्याच जड मशीनगनांनीं युरोपांतलीं मैदानें ओस पाडलीं. त्या एका जागीं खिळलेल्या असत; पण त्यांच्यासमोर उघड्यावरून चालत जाणें म्हणजे मरण, हा धडा सर्व राष्ट्रांनीं घेतला.

युद्ध संपल्यावर प्रत्येक देशाच्या सेनापतींनीं एकच प्रश्न आपल्या कारागिरांना घातला: एका माणसाला उचलून धांवतां येईल अशी मशीनगन कशी करावी? ह्या प्रश्नाला इंग्रजांनीं आणि जर्मनांनीं जीं उत्तरें दिलीं तीं अगदीं निराळीं होतीं.

इंग्रजांचें उत्तर म्हणजे ब्रेनगन. तिचा मूळ आराखडा झेकोस्लोव्हाकियांतील ब्रनो ह्या शहरांतला. ती इंग्लंडांत एनफील्डच्या कारखान्यांत तयार झाली. ह्या दोन गांवांच्या नांवांचीं पहिलीं अक्षरें जोडून 'ब्रेन' हें नांव पडलें. हिंदी सैन्यानें त्यापूर्वींच, १९३३ सालीं, व्हिकर्स-बर्थिए ही हलकी मशीनगन पसंत केली होती आणि ती बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्यांत बनत असे. पुढें युद्धांत ब्रेनगन सर्वत्र आली. ब्रेनचें वजन सुमारें दहा किलो. वरच्या बाजूला तीस काडतुसांची वक्र पेटी खोंचावयाची. गति मिनिटाला सुमारें पांचशें गोळ्या. नेम उत्तम, बिघाड क्वचित्‌. पथकांतले बंदूकवाले पुढें सरकत असतां शत्रूला मान वर करूं द्यावयाची नाहीं, एवढें तिचें काम. लढाई मुख्यतः बंदूकवाल्यांची आणि ब्रेन त्यांची पाठराखीण, अशी ती योजना होती.

जर्मनांनीं हें नातें उलटें केलें. त्यांच्या दहा जणांच्या पथकाचा प्राण म्हणजे मशीनगन. बाकीच्यांनीं तिच्यासाठीं काडतुसें वाहावयाचीं, तिचें रक्षण करावयाचें आणि तिच्या माऱ्यानें मोकळी झालेली जागा व्यापावयाची. त्यांनीं जड आणि हलकी असा भेदच काढून टाकला. तीच बंदूक दोन पायांवर टेंकली कीं हलकी. मोठ्या तिवईवर चढविली कीं जड. १९३४ च्या नमुन्याची 'एमजी-३४' ही ह्या विचाराची पहिली बंदूक. ती अतिशय सुबक होती, परंतु हाच तिचा दोष ठरला. तिचे भाग पोलादाच्या ठोकळ्यांतून कोरून काढावे लागत. एका बंदुकीला सुमारें ४९ किलो पोलाद आणि दीडशें तासांची मजुरी लागे. युद्ध पेटल्यावर इतका वेळ आणि इतकें पोलाद आणावयाचें कोठून?

ह्या अडचणींतून वाट काढली ती सॅक्सनींतील ड्यॉबेलन गांवच्या ग्रोसफुस नांवाच्या कारखान्यानें. हा कारखाना पत्र्याचे कंदील आणि तशाच वस्तु बनविणारा. बंदुका बनविण्याचा त्याला अनुभव नव्हता. तेथील वेर्नर ग्रूनर हे इंजिनीयर पत्रा ठोकून व दाबून मोठ्या संख्येनें माल काढण्याच्या शास्त्रांत निष्णात होते. बंदूक वापरणाराची गरज कळावी म्हणून ते सैन्यांतील मशीनगनच्या शिक्षणवर्गालाहि बसले. त्यांनीं सिद्ध केलेली 'एमजी-४२' ही १९४२ सालीं रणांगणावर आली. तिचें बाह्य अंग पत्रा दाबून आणि जोडून केलेलें होतें. पोलाद लागे सुमारें साडेसत्तावीस किलो आणि मजुरी सुमारें पंचाहत्तर तास, म्हणजे जवळजवळ निम्मी. युद्ध संपेपर्यंत अशा चार लाखांहून अधिक बंदुका तयार झाल्या.

पण स्वस्ताई हा तिचा एकच गुण नव्हता. तिच्या बोल्टाच्या तोंडाशीं दोन लहान रुळ बसविलेले होते. गोळी सुटेपर्यंत हे रुळ दोन्ही बाजूंच्या खांचांत शिरून बोल्ट पक्का धरून ठेवीत. धक्क्यानें नळी आणि बोल्ट मिळून थोडेसे मागें सरकले कीं रुळ आपोआप आंत दाबले जात आणि बोल्ट मोकळा होऊन मागें जाई. फिरवावयाची खुंटी नाहीं, गुंतागुंतीचा अडसर नाहीं. त्यांतच नळीच्या टोंकाशीं बसविलेली एक टोपी बाहेर पडणाऱ्या वायूला क्षणभर अडवून नळीला मागें अधिक जोरानें ढकली. परिणाम असा झाला कीं ही बंदूक मिनिटाला सुमारें बाराशें, म्हणजे सेकंदाला वीस गोळ्या झाडूं लागली. इतक्या वेगांत कानाला एकेक आवाज निराळा कळत नाहीं. जाड कापड टरकावल्यासारखा एकच आवाज होतो. दोस्तांचे सैनिक जर्मन मशीनगनेला सरसकट 'स्पॅन्डाऊ' म्हणत. अमेरिकन सैन्यानें तर ह्या आवाजाला आपल्या शिपायांनीं भिऊं नये म्हणून एक शिक्षणपटच तयार करविला होता.

एवढा वेग कशासाठीं, असा प्रश्न सहज सुचेल. एका माणसाला मारावयास एक गोळी पुरते. उत्तर असें आहे कीं, शहाणा सैनिक उघड्यावर फार वेळ दिसत नाहीं. तो झाडामागून उठतो, दहा पावलें धांवतो आणि पुन्हां जमिनीला चिकटतो. तो दिसतो अवघे दोन सेकंद. ह्या दोन सेकंदांत ब्रेनगन सोळा-सतरा गोळ्या मारील. एमजी-४२ चाळीस मारील. लक्ष्य क्षणभर दिसणारें असेल तर त्या क्षणांत जितक्या गोळ्या कोंबतां येतील तितक्या कोंबाव्या, हें तिच्या आराखड्याचें सारें तत्त्वज्ञान.

मात्र निसर्गाच्या दुकानांत उधारी चालत नाहीं. मिनिटाला बाराशें काडतुसें म्हणजे वजनानें सुमारें तीस किलो. अडीचशें काडतुसांचा पट्टा सबंध सोडला तर साडेबारा सेकंदांत संपतो. तेवढ्यांत नळी इतकी तापते कीं ती बदलावीच लागते. ग्रूनर यांनीं ह्याचीहि तजवीज केली होती. उजव्या बाजूची कडी उघडली कीं तापलेली नळी बाहेर घसरते. ॲस्बेस्टॉसच्या जाड फडक्यानें ती धरून दूर टाकावयाची आणि थंड नळी आंत सरकवावयाची. तयार टोळीला हें काम सहा-सात सेकंदांत येई. तरीहि ते सहा-सात सेकंद बंदूक मुकी असे. म्हणून कसलेला गोलंदाज पांच-सात गोळ्यांचा एकेक झोत सोडी आणि थांबे. शिवाय बिळाच्या तोंडांतून रोखलेली नळी समोरचा एक ठराविक पट्टाच झाडूं शकते. त्या पट्ट्याच्या बाहेरून कोणी अंगावर आला तर सबंध बंदूक वळवावी लागते, आणि वळविण्यासहि सेकंद लागतात.

ह्यावरची तोड म्हणजे मशीनगन एकटी ठेवावयाची नाहीं. पहिलीच्या दाराशीं येणाऱ्याला दुसरीनें टिपावयाचें आणि दुसरीच्या दाराशीं येणाऱ्याला तिसरीनें. मधूनमधून एकेकटे नेमबाज लपवून ठेवावयाचे. एका ठाण्याचे मुके सेकंद शेजारच्या ठाण्यानें भरून काढावयाचे, अशी ही साखळी असे. दूरच्या तोफांनीं आणि विमानांनीं ह्या साखळीवर कितीहि भडिमार केला, तरी जमिनीच्या पोटांतल्या कांहीं कड्या शिल्लक राहतच. त्या तोडावयास शेवटीं माणसालाच पायीं जावें लागे. त्याच्याजवळ दोन साधनें असत. एक हातबाँब, तो वीस-तीस मीटरांपर्यंत जातो, पण त्यासाठीं आधीं तितकें जवळ पोंचावें लागतें. दुसरें साधन टॉमीगन. हिच्यांत वीस किंवा तीस काडतुसांची पेटी असते आणि चाप दाबून धरला तर ती दोन-अडीच सेकंदांत रिकामी होते. वजन सुमारें पांच किलो. हें वजन पुढच्या हकीकतीसाठीं ध्यानांत ठेवावें.

१९४४ सालच्या जुलै महिन्याची १० तारीख. मध्य इटलींत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीची एक कंपनी शत्रूच्या मजबूत ठाण्यावर चालून गेली. तींतील एका पथकाचे नायक होते यशवंत घाडगे, वय बावीस, राहणार त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यांतील माणगांव तालुक्याचे. जवळच्या एका मशीनगनेनें त्यांच्या पथकावर अकस्मात्‌ मारा केला. जवळून सुटलेल्या त्या झोतांत पथकांतला प्रत्येक माणूस पडला; कोणी ठार, कोणी जखमी. उभे राहिले ते एकटे घाडगे.

ह्या ठिकाणीं यंत्राचा हिशेब पुरा झाला होता. पथक संपलें म्हणजे हल्ला संपला, असें कोणतेंहि यंत्र समजेल. मागून कोणी येणार नाहीं, हें घाडग्यांनाहि ठाऊक होतें. तरीहि ते थांबले नाहींत. ते सरळ बंदुकीवर धांवून गेले आणि त्यांनीं प्रथम हातबाँब फेंकला. त्यानें मशीनगन आणि ती चालविणारा दोघेहि निकामी झाले. टोळींतल्या आणखी एकाला त्यांनीं टॉमीगननें टिपलें. आतां पेटी बदलण्याची वेळ आली. पण पेटी बदलावयास जे सेकंद लागतात ते त्यांच्यापाशीं नव्हते. समोर दोघे जण अजून उभे होते. घाडग्यांनीं टॉमीगन नळीकडून धरली आणि त्या पांच किलो लोखंड-लांकडाच्या घावांनीं दोघांनाहि लोळविलें. ठाणें हातीं आलें. परंतु शेजारचे नेमबाज जागे होते. त्यांच्या गोळ्यांनीं यशवंत घाडगे, स्वतः एकट्यानें जिंकलेल्या त्याच ठाण्यांत, मरण पावले.

त्यानंतर नऊ महिन्यांनीं, १९४५ सालच्या एप्रिलच्या ९ तारखेस सायंकाळीं, सेनिओच्या बांधावर अखेरचा हल्ला झाला. त्यांत पांचव्या मराठ्यांची पहिली पलटण होती. एका कंपनीनें पूर्वेचा बांध घ्यावयाचा आणि तीन मिनिटांनीं दुसरीनें नदी ओलांडून पश्चिमेचा बांध घ्यावयाचा, असा बेत होता. ह्या दुसऱ्या कंपनींत नगर जिल्ह्यांतील निमज गांवचे शिपाई नामदेव जाधव हे निरोप्याचें काम करीत. ते कंपनीच्या अधिकाऱ्याबरोबर पाण्यांतून पश्चिम कांठाला लागतात न लागतात तोंच पाठीमागून मारा सुरू झाला. पूर्वेच्या बांधाच्या आंतल्या अंगाला निदान तीन ठाणीं शिल्लक राहिलीं होतीं. बांध ओलांडून जाणारांना पुढें जाऊं द्यावयाचें आणि मग पाठींत मारावयाचें, ह्यासाठींच तीं तेथें होतीं. अधिकारी आणि दोन सैनिक जखमी झाले. नामदेव सोडून बाकीचे ठार झाले.

नामदेवांनीं एका जखमी सोबत्याला पाठीवर घेतलें, पुन्हां पाणी ओलांडलें आणि सुरुंग पेरलेल्या त्या उभ्या चढणीवरून त्याला बांधापलीकडे नेऊन ठेवलें. परत येऊन दुसऱ्यालाहि नेलें. दोन्ही खेपांत मशीनगना आणि उखळी तोफा चालूच होत्या. इतकें करून ते मागें थांबले असते तरी त्यांना कोणीं बोल लावला नसता. पण त्या तीन ठाण्यांनीं दोन्ही कंपन्या जागच्या जागीं जखडून ठेवल्या होत्या. नामदेव पुन्हां उघड्यावर आले. पहिलें ठाणें त्यांनीं टॉमीगननें बंद पाडलें. तेवढ्यांत हाताला गोळी लागली आणि चाप ओढतां येईना. त्यांनीं बंदूक फेंकून दिली आणि हातबाँब घेतले. बाँब संपले तेव्हां रांगत बांधाच्या माथ्यापर्यंत जाऊन पलीकडच्या सोबत्यांकडून आणखी मागून घेतले. अशा रीतीनें दुसरें आणि तिसरेंहि ठाणें त्यांनीं मुकें केलें. मग उखळी तोफांचा मारा चालू असतांच ते बांधाच्या माथ्यावर उभे राहिले, त्यांनीं मराठ्यांची रणगर्जना केली आणि हात हालवून उरलेल्या कंपन्यांना नदीपार बोलाविलें. नदीचे दोन्ही कांठ पलटणीच्या हातीं आले. इटलींतील जर्मन सैन्यानें २ मे १९४५ रोजीं शस्त्रें खालीं ठेवलीं.

ह्या दोन हकीकती वाचून मशीनगनेपेक्षां शौर्य मोठें, असा सोपा निष्कर्ष कोणी काढील. तो खरा नाहीं. घाडग्यांच्या पथकांतले आणि नामदेवांच्या भोंवतालचे जे सैनिक पहिल्याच झोतांत पडले, ते कांहीं कमी शूर नव्हते. यंत्रानें आपलें काम चोख बजावलें होतें. फरक इतकाच कीं, तें यंत्र सेकंद मोजून बनविलेलें होतें आणि माणसें कांहीं सेकंदांनंतर थांबतील, लपतील किंवा मागें वळतील, हें त्यांत गृहीत होतें. जगांतल्या बहुतेक माणसांविषयीं तें गृहीत बरोबरच आहे. ह्या दोघांविषयीं तें चुकलें, आणि त्या चुकीची किंमत एकानें प्राणांनीं दिली.

यंत्रांचें पुढें काय झालें? एमजी-४२ चा आराखडा युद्धाबरोबर मेला नाहीं. काडतूस बदलून पश्चिम जर्मनीनें ती पुन्हां तयार केली आणि 'एमजी-३' ह्या नांवानें ती पुढें अनेक देशांच्या सैन्यांत गेली. भारतानेंहि ब्रेनला ७.६२ मिलिमीटरचें काडतूस जमवून घेऊन ती स्वातंत्र्यानंतर पुष्कळ वर्षें वापरली. चांगला आराखडा पक्ष पाहत नाहीं. जो हातीं धरील त्याचा तो होतो.

आणि माणसांचें? नामदेव जाधव युद्धांतून परत आले आणि १९८४ सालीं पुण्यास वारले. यशवंत घाडगे यांचें नांव इटलींत कॅसिनो येथील स्मारकावर कोरलेलें आहे. ज्यांची कबर वा समाधि ठाऊक नाहीं अशांचीं नांवें तेथें आहेत. माणगांवांत त्यांचा पुतळा आहे. २०२३ सालीं इटलींतील मोन्तोने ह्या गांवानेंहि त्यांचें एक स्मारक उभारलें. तें स्मारक म्हणजे एक सूर्यघडी आहे. त्या घडीला सेकंदांचा कांटा नसतो. सूर्य जसा सरकतो तशी तिची सावली सावकाश सरकत असते.